हील दिसली की बसायचं

घाटकोपरच्या त्या मॉलच्या दारात बायकांच्या तपासणीला दोन बाया होत्या आणि स्टूल एकच होतं. लाल प्लास्टिकचं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली. पडद्याआडच्या, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या कोपऱ्यात ते दडवून ठेवलेलं असे. एजन्सीच्या लेखी ते स्टूल नव्हतंच. सुरक्षा कर्मचाऱ्याने ड्युटीवर बसायचं नाही, असा लेखी नियम होता. ज्याने तो लिहिला त्याने तो बसून लिहिला असणार, यात वनमालाला तरी शंका नव्हती.

वनमाला परब अठ्ठेचाळीस वर्षांची होती आणि या दारात तिला चौदा वर्षं झाली होती. भटवाडीत घर, नवरा जयवंत कुरियरच्या गोदामात, एकुलती एक मुलगी श्रुतिका. उजव्या पायाच्या अंगठ्याशी हाड वाढलेलं, म्हणून एजन्सीच्या काळ्या बुटाला तिने त्या जागी ब्लेडने चीर दिली होती. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं भिंतीला धरून टाकायची. डॉक्टर म्हणाले होते, उभं राहणं कमी करा. ती हो म्हणाली होती आणि दवाखान्यातून निघून थेट ड्युटीवर जाऊन उभी राहिली होती.

तपासणी म्हणजे हातातलं यंत्र खांद्यापासून घोट्यापर्यंत फिरवायचं. येणारी बाई फोनमध्ये बघत असते, तपासणारी खाली. चेहरा कुणी कुणाचा बघत नाही. वनमालाला हजारो बायकांची पावलं ठाऊक होती आणि त्यातल्या दहांचीही तोंडं सांगता आली नसती. जोडीदारीण श्वेता वाकोल्याहून यायची, तिशीतली, तोंडाने फटकळ, मनाने चांगली. स्टुलावरून रोज भांडण नको म्हणून तिनेच तो खेळ काढला होता. उंच टाचेची चप्पल जिला आधी दिसेल तिने हळूच "हील" म्हणायचं आणि जाऊन बसायचं. दुसरीला पुढची हील दिसली की पहिलीने उठायचं. माप ठरलेलं होतं, टाचेशेजारी काडेपेटी उभी मावली पाहिजे. सपाट, जाड तळव्याची सँडल कितीही उंच असली तरी बाद.

सुरुवातीला खेळ झकास चालायचा. तेव्हा पोरी काय, पोरींच्या आयाही पेन्सिलीसारख्या टाचांवर टकटक करत यायच्या. आतमध्ये पोलादी पट्टी असायची, यंत्र घोट्याशी नेलं की टीं टीं वाजायचं. दोघींची उठबस इतकी व्हायची की शेवटी बसण्यापेक्षा उभं राहिलेलं बरं वाटे. मग हळूहळू टाचा खाली आल्या. टाचांचे पंप शू गेले, सपाट बॅली आल्या, मग ते भोकाभोकांचे रबरी जोड आले, ज्यांत माणसाचं पाऊल बदकासारखं दिसतं. लॉकडाऊननंतर तर सगळा कारभारच सपाट झाला. पैठणीखाली पांढरे स्पोर्ट शूज, लग्नाच्या खरेदीला आलेली नवरी स्पोर्ट शूजमध्ये आणि तिची सासूही. नवरात्रात आरशांच्या मोजड्या, त्याही जमिनीला चिकटलेल्या.

"वाट लागली यार आपली," श्वेता म्हणायची. "सकाळपासून एक हील नाही. बायका शहाण्या झाल्या ना ताई."

"होऊ देत गं. त्यांचे पाय तरी वाचले."

"आणि आपले?"

वनमाला नुसतं वजन दुसऱ्या पायावर टाकायची. सकाळी जिला हील दिसेल ती दुपारपर्यंत बसून राही आणि उभी असलेली दाराकडे डोळे लावून बसे, म्हणजे उभीच असे. मग दया येऊन बसलेली आपणहून उठायची. असा खेळ कसला, पण दिवस जात होता.

परबांच्या घरात उभं राहण्याला जुनी परंपरा होती. सासऱ्यांनी कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, बत्तीस वर्षं उभ्याने काढली, त्यांच्या पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या. जयवंतही दिवसभर उभा, पार्सलं फेकत. तेव्हा श्रुतिका दहावीला बसली त्या वर्षीच वनमालाने मनाशी ठरवून टाकलं होतं, हिला बसायची नोकरी लागली पाहिजे. मोठी, मानाची, परदेशातली असं काही नाही. फक्त बसायची. खुर्ची, टेबल, डोक्यावर पंखा. पंख्याऐवजी एसी मिळाला तर देवाची कृपा. श्रुतिका बी. कॉम. झाली, वर्षभर घरी राहिली, मुलाखती देऊन देऊन कंटाळली आणि गेल्या दिवाळीआधी एक दिवस धावत येऊन म्हणाली, "आई, लागली. अंधेरीला."

"बसायची आहे?" वनमालाने पहिला प्रश्न हाच विचारला.

श्रुतिका क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हो."

तो क्षण वनमालाने ऐकलाच नाही. तिने पेढे आणले. मजल्यावर वाटले, मॉलमध्ये वाटले, एजन्सीचे सुपरवायझर मार्तंड साहेब, त्यांना तर दोन दिले. शेजारच्या नलिनीवहिनी म्हणाल्या, "बरं झालं हो, पोरगी स्वतःच्या पायावर उभी राहिली." त्यावर वनमाला म्हणाली होती, "उभी कशाला राहील? बसलीय ती. खुर्चीत." मजल्यावर खूप हसले होते सगळे. ते वाक्य तिला स्वतःलाच इतकं आवडलं की पुढे महिनाभर तिने ते भेटेल त्याला ऐकवलं.

नोकरीसाठी श्रुतिकाने काळे बूट घेतले. निमुळते, चकचकीत, टाच चांगली काडेपेटीपेक्षा उंच. ऑफिसचा नियम आहे म्हणाली. पंधरा दिवसांत ते मागून चावायला लागले, टाचेवर फोड आले. वनमालाच्या ब्लाऊजमधला हिरव्या खणाचा तुकडा उरला होता. तिने तो दुहेरी करून बुटाच्या आत मागच्या बाजूला चिकटवला. खणाची लाल रेघ थोडी वर राहिली, बाहेरून दिसत होती. श्रुतिका म्हणाली, "राहू दे, कोण बघतंय."

आता बघा, ही बाई नुसत्या पायांवरून सांगायची की ही शिक्षिका आहे, ही नर्स आहे, ही घरून भांडून आलीय. बसून काम करणारीच्या टाचेचं टोक महिनोन्‌महिने झिजत नाही, हे तिनेच श्वेताला शिकवलं होतं. आणि श्रुतिकाच्या बुटांची टोकं दोन महिन्यांत झिजून आतला खिळा दिसायला लागला, तर ती म्हणाली, रिक्षा मिळत नसणार, स्टँडपासून चालत जाते बिचारी. पोरगी संध्याकाळी मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसते, तर म्हणाली, एसीमुळे आखडत असतील. जगाच्या चपला वाचणाऱ्या या बाईला स्वतःच्या उंबऱ्यातला जोड वाचता आला नाही, कारण तो तिला वाचायचाच नव्हता.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी सहाला श्वेताचा फोन आला. "ताई, मॉलला जाऊ नको. आपल्याला तीन दिवस गोरेगावला टाकलंय, घरांचं प्रदर्शन आहे. गाडी नाक्यावर येते, लवकर ये." श्रुतिका झोपलेली होती. तिला उठवून सांगावं असं वनमालाला वाटलं नाही. तिने डबा भरला, बुटात पाय घातले आणि भिंत धरून दहा पावलं मोजून ती निघाली.

तो हॉल म्हणजे एखादं मैदान छपराखाली घेतल्यासारखा होता. बिल्डरांचे स्टॉल, इमारतींच्या चिमुकल्या प्रतिकृती, गालिचे, फुलं. दोघींना कर्मचाऱ्यांच्या दारावर उभं केलं. इथेही पडदा होता, पडद्यामागे स्टूल होतं, आणि तेही लालच. "हे आपल्या मागोमाग आलं वाटतं," श्वेता म्हणाली. "ताई, आज पहिली हील जिला दिसेल तिने पूर्ण दिवस बसायचं. आहे कबूल?"

"कबूल. बिल्डरच्या स्टॉलवर कोण येतंय हील घालून? सगळे स्पोर्ट शूजवालेच येणार."

साडेआठला एक बस आली आणि तीतून पोरी उतरल्या. चाळीसएक असतील. सगळ्यांचे निळे कोट, एकसारखा अंबाडा, एकसारखी लिपस्टिक आणि पायांत काळ्या उंच टाचा. सिमेंटवर टकटक टकटक नुसता आवाज उठला. श्वेताने तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई! सगळ्या हील इथे आल्यात."

वनमालाला तो विनोद वाटला नाही. तिच्या लक्षात आलं की बायकांनी टाचा सोडल्या हे खोटं होतं. ज्यांना सोडता आल्या त्यांनी सोडल्या होत्या. घर बघायला येणारी बाई मऊ बुटात येणार होती आणि तिला या बसा म्हणणारी पोरगी दिवसभर टाचेवर उभी राहणार होती. ती थकल्यासारखी पुटपुटली, "हील."

"बस मग. तू जिंकलीस," श्वेता म्हणाली.

"गर्दी संपू दे आधी."

रांग सुरू झाली. खांदा, कंबर, गुडघा, घोटा, टीं टीं, पुढे. खांदा, कंबर, गुडघा, घोटा, टीं टीं, पुढे. बारावी की तेरावी मुलगी असेल. यंत्र घोट्याशी गेलं, वाजलं आणि वनमालाचा हात तिथेच थांबला. काळ्या बुटाच्या मागच्या कडेवर लाल रेघ होती. रेघेखाली हिरवा खण.

तिने वर बघितलं नाही. वर बघण्याआधी तिला आणखी एक गोष्ट दिसली, ती म्हणजे समोरची पावलं किंचित मागे सरकली. समोरचीही खालीच बघत होती. तिलाही एक काळा बूट दिसला होता, अंगठ्याशी ब्लेडने चीर दिलेला.

"आई," श्रुतिका म्हणाली. आवाज असा की तो फक्त तिलाच ऐकू आला.

यंत्र वाजत राहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "चला ना मॅडम, उशीर होतोय." वनमालाने आयुष्यात हजारदा उच्चारलेला शब्द तेवढा तिच्या तोंडून निघाला.

"पुढे."

श्रुतिका पुढे गेली. वनमालाने उरलेल्या पोरी तपासल्या, सगळ्या नीट तपासल्या. मग श्वेताने तिला स्टुलाकडे ढकललं तर ती बसली नाही. "पाय आखडलेत, बसले तर उठता येणार नाही," म्हणाली. श्वेताने तो खण ओळखला होता. तो चिकटवल्याची हकीकत तिने चार वेळा ऐकलेली होती. तिने स्टूल वनमालाच्या जवळ सरकवून ठेवलं आणि स्वतः पुढे जाऊन उभी राहिली.

बाराच्या सुमाराला वनमाला पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने आत गेली. चौथ्या रांगेत श्रुतिका दिसली. पस्तीस मजली इमारतीच्या प्रतिकृतीशेजारी ती उभी होती, हात पुढे बांधलेले, चेहऱ्यावर हसू. येणाऱ्यांना ती "वेलकम सर, वेलकम मॅडम" म्हणत होती आणि सोफ्याकडे हात दाखवत होती. सोफे चार होते. पोरींसाठी खुर्ची एकही नव्हती. एक कुटुंब सोफ्यावर पसरलं होतं, त्यांच्या मुलाने बूट काढून पाय वर घेतले होते. श्रुतिका वजन या पायावरून त्या पायावर टाकत होती, कुणाच्या लक्षात येणार नाही इतकं हळूच. वनमालाच्या लक्षात आलं. ती स्वतः चौदा वर्षं तसंच करत होती. हे तिला कुणी शिकवलं, असं वनमालाच्या मनात आलं. बाटली न भरताच ती परतली.

राग आला का? आला. पण तो कुणावर काढायचा ते तिला कळेना. पोरीने तीन महिने खोटं सांगितलं म्हणून तिच्यावर काढावा, तर तिचे सुजलेले पाय डोळ्यांसमोर येत होते. नशिबावर काढावा, तर त्याला ऐकू येत नाही हे तिला सासऱ्यांच्या पोटऱ्या चोळताना कळून चुकलं होतं.

तीनला श्रुतिका आली. दहा मिनिटांची सुट्टी होती आणि कर्मचाऱ्यांचं शौचालय याच दाराबाहेर होतं. परत आत येताना तपासणी लागणारच. ती लंगडत पडद्यापाशी आली. श्वेताने एक नजर टाकली आणि "मी बाहेरची रांग बघते" म्हणून बाजूला झाली. वनमालाने पडदा ओढून घेतला.

"बस गो," ती म्हणाली. मनात दाटून आलं की तिच्या तोंडी मालवणी यायची.

"आई, नको. बसायचं नाही म्हणालेत. आणि हे तुझं स्टूल..."

"बस म्हणतंय मा."

श्रुतिका बसली. वनमाला गुडघ्यावर टेकली, तिचे बूट एकेक करून काढले. खणाचा हिरवा रंग एका जागी काळपट झाला होता. रक्त वाळलं की तसंच दिसतं. बोटं एकमेकांवर चढलेली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. ऑफिस नव्हतंच, आई. एजन्सी आहे. आज इकडे, उद्या कुणाचं लग्न, परवा गाडीचं उद्‌घाटन. म्हणाले, सहा महिन्यांनी ऑफिसात घेऊ. म्हणतात तसं सगळ्यांना."

"मग सांगितलंस का नाही?"

श्रुतिका म्हणाली, "सांगणारच होते. त्याच संध्याकाळी. तर तू पेढे घेऊन आलीस. मजल्यावर सगळ्यांना सांगून आलीस, खुर्चीत बसलीय म्हणून. मग कसं सांगू?"

आपलं ते हसवणारं वाक्य तीन महिने पोरगी या पायांवर घेऊन उभी होती, हे वनमालाला कळलं. तिने पदर शोधला. युनिफॉर्मला पदर नसतो, म्हणून तिने तळहातानेच तिची पावलं पुसली. मग अंगठ्याने तळवा दाबायला लागली. श्रुतिकाने डोळे मिटले आणि भिंतीला डोकं टेकलं.

"चेकिंगला इतका वेळ का लागतोय?" बाहेरून मार्तंड साहेबांचा आवाज आला. एजन्सीने त्यांनाही इथल्या दारांवर लक्ष ठेवायला पाठवलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण नियमाला चिकटून असे. त्यालाही वर कुणीतरी उभं करत होतंच.

वनमालाने यंत्र उचललं आणि रिकाम्या बुटाच्या टाचेला लावलं. टीं टीं. "चालू आहे साहेब, वाजतंय काहीतरी." थोडं थांबून पुन्हा लावलं. टीं टीं टीं. श्रुतिका डोळे मिटूनच हसली, आणि हसता हसता तिच्या गालावरून पाणी ओघळलं. असं तीनदा वाजवून झालं. एका हाताने यंत्र, दुसऱ्या हाताने तळवा.

"परबबाई, मघापासून एकच बाई आहे आत. आहे कोण ती?"

वनमालाने यंत्र बंद केलं. गुडघ्याला हात देऊन उठली, पडद्याबाहेर आली आणि पडदा मागे पुन्हा नीट ओढला. रांगेत दोघी-तिघी होत्या, श्वेता होती, मार्तंड साहेब होते. खोटं बोलायला जागा होती. स्टॉलवरची कुणी मुलगी आहे, चक्कर आलीय, काहीही चाललं असतं.

"माझी मुलगी आहे साहेब. श्रुतिका."

मार्तंड साहेब गोंधळले. त्यांना पेढे आठवले असावेत. "ती इथे? ती तर बसायच्या नोकरीत होती ना?"

"नाही साहेब. उभ्याचीच आहे, माझ्यासारखी," वनमाला म्हणाली. मग पडद्यावर हात ठेवून म्हणाली, "आत्ता बसलीय."

मार्तंड साहेबांनी घड्याळात बघितलं. मग ते दुसऱ्या दाराकडे वळले आणि जाता जाता म्हणाले, "दहा मिनिटं. मी काही बघितलेलं नाही."

वनमाला रांगेकडे वळली. समोर कुणा बिल्डरच्या ऑफिसातली एक बाई फोनमध्ये बघत उभी होती, पायांत पांढरे मऊ स्पोर्ट शूज. खांदा, कंबर, गुडघा, घोटा. काही वाजलं नाही.